अंगावरचं दूध तोडायचं, पण कसं?

पाळण्याशेजारी : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त सिस्टरची उत्तरं

प्रश्न : नमस्कार सिस्टर. माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. मी इस्लामपूरला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सकाळी साडेनऊला घर सोडते, संध्याकाळी साडेसहाला परत येते. दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो, तेव्हा काही मागत नाही. दुपारी चहात बुडवलेलं बिस्कीट आवडीनं खातो, खिमट मात्र दोन चमचे गेलं की तोंड फिरवतो. मी दारात चप्पल काढते न काढते तोच ओढणी ओढायला लागतो. झोपताना अंगावर घ्यावंच लागतं आणि रात्री बारा, अडीच, साडेचार असा तीनदा उठतो. सकाळी नोटा मोजताना माझे डोळे मिटतात. गेल्या महिन्यात कॅशमध्ये पाचशेचा फरक आला, तो मी पदरचा भरला. सासूबाई म्हणतात, आता त्या दुधाचं पाणी झालंय, म्हणून पोरगं जेवत नाही. कडुनिंब वाटून लाव, नाहीतर चार दिवस त्याला नणंदेकडे ठेवू. आई म्हणते, दोन वर्षं पाजायलाच हवं, मी तुला अडीच वर्षं पाजलं. मिस्टर म्हणतात, तुम्ही बायका काय ते ठरवा. थांबवावं असं मनात येतं आणि लगेच आपण वाईट आई आहोत असं वाटतं. वजन ८ किलो ८०० ग्रॅम आहे, अंगणवाडीच्या कार्डावर हिरव्या पट्ट्यात.

उत्तर : अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पाचशे रुपयांपाशी थांबले. तू दमली आहेस. दूध कमी करायला एवढं कारण पुरतं, त्यासाठी दुधाचं पाणी व्हायची वाट बघावी लागत नाही. आणि वाईट आई रात्री तीनदा उठत नसते.

तुझ्या आईचं म्हणणं खोटं नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत आणि दोघांना हवं असेल तर त्यापुढेही, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. मीही पस्तीस वर्षं बाळंतिणींना हेच सांगत आले. पण ही काही दोन वर्षांची परीक्षा नव्हे, की चौदाव्या महिन्यात उठलीस तर नापास. चौदा महिने पाजलंस ते त्याच्या अंगी लागलंय, ते कुणी परत घेणार नाही. शिवाय तोडायचं म्हणजे सगळंच तोडायचं, असंही नाही. रात्रीचं बंद करून सकाळ-संध्याकाळ दोन वर्षांपर्यंत चालू ठेवणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात.

सासूबाईंचं मात्र अर्धं बरोबर आहे. दुधाचं पाणी होत नाही. पान्हा सुटल्यावर सुरुवातीचं दूध पातळ, निळसर दिसतं. ते पहिल्या महिन्यातही तसंच असतं. दुसऱ्या वर्षीही मुलाला लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण तिसरा हिस्सा या दुधातून मिळू शकतो, आणि आजारपणात मूल काहीच खात नाही तेव्हा तेच तर आधाराला असतं. पण पोरगं जेवत नाही हे त्यांचं निरीक्षण खरं आहे. रात्रभर पोट भरत राहिलं तर सकाळी भूक कुठून लागणार? त्यात दुपारी चहाबिस्कीट. माझ्या मते तुझ्या दुधापेक्षा तो चहाच जास्त आडवा येतोय. चहानं भूक मरते आणि अन्नातलं लोहही नीट अंगात मुरत नाही. पहिला बंद करायचा तो चहा. आणि हे सासूबाईंना तू सांगू नकोस, अंगणवाडीताईंकडून सांगव. सुनेनं सांगितलेलं आणि ताईंनी सांगितलेलं यात फार फरक पडतो.

आता कडुनिंब आणि नणंदेचं घर. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

१९८४ साल. मी तालुक्याच्या गावी प्रसूती वॉर्डात होते आणि माझी थोरली अकरा महिन्यांची होती. रात्रपाळी लागली. सासूबाईंनी निंबाचा पाला वाटून दिला, मी लावला. मुलीनं एकदा तोंड लावलं, थू थू केलं, माझ्याकडे बघितलं आणि परत तोंड लावलं. कडूसकट प्यायली. मग सासूबाई तिला सहा दिवसांसाठी गावी घेऊन गेल्या. दुसऱ्याच रात्री माझी छाती दगडासारखी झाली. वॉर्डात कुणाचंही बाळ रडलं की पान्हा फुटायचा आणि पांढऱ्या साडीवर दोन ओले डाग उमटायचे. मी फाइल छातीशी धरून फिरत होते. कुणीतरी सांगितलं म्हणून ओढणीनं करकचून बांधलं. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप, डाव्या बाजूला लालभडक गाठ, आणि शेवटी तिथे पू होऊन चीर द्यावी लागली. रोज दहा बाळंतिणींना शहाणपण शिकवणारी मी! पण मला आठवतं ते दुखणं नव्हे. सहा दिवसांनी गाडीतून उतरले तेव्हा मुलगी आजीच्या कडेवर होती. मी हात पुढे केले, तिनं मान फिरवून पदरात तोंड खुपसलं. दोन दिवस माझ्याकडे आली नाही.

म्हणून सांगते, दूध आणि आई दोन्ही एकाच दिवशी नाहीशी करू नकोस. मुलाला दुधाची आठवण येते तेव्हाच त्याला तू जास्त हवी असतेस. कडुनिंबानं फार नुकसान होत नाही, पण कालपर्यंत गोड असलेली जागा आज कडू का झाली, हे त्याला कोण समजावणार? काही जणी बाम चोपडतात, ते मात्र अजिबात करू नका. बामात कापूर असतो आणि तो लहान मुलाच्या पोटात जाणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे या कामाला शब्दच ‘तोडणं’ असा आहे. आमच्या वॉर्डातल्या जुन्या आया ‘सोडवणं’ म्हणायच्या, गाठ सोडवावी तसं. मला तो शब्द जास्त पटतो. गाठ ओढली की जास्तच बसते.

तुझ्या बाबतीत मी असं करेन. पहिला आठवडा दुधाला हातच लावायचा नाही, फक्त जेवण सुधारायचं. खिमट आता पुरे. चौदा महिन्यांच्या मुलाला तुमच्याच ताटातलं, तिखट कमी केलेलं, बोटानं कुस्करलेलं हवं : वरणभात त्यावर तूप, दुधात कुस्करलेली भाकरी, मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं चालत असेल तर अंडं, नाचणीची लापशी, केळं. दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एकदोनदा काहीतरी तोंडात टाकायला. त्याला स्वतःच्या हातानं खाऊ दे. सांडेल, केसांना लागेल, सासूबाई कुरकुरतील. रात्रीचं जेवण आठला, आणि ते पोटभर. लोहाचं औषध आरोग्य सेविकेकडून मिळतंय ना, ते विचार. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा द्यायचं असतं आणि ते शेल्फावर धूळ खात पडलेलं मी घरोघरी पाहिलंय.

मग झोपतानाचं. ते बंद करायचं नाही, जागा बदलायची. पाजून पाजूनच झोपवलं की रात्री जाग आल्यावर त्याला परत तेच लागतं, कारण झोपायची दुसरी रीत त्याला माहीतच नाही. तेव्हा जेवणानंतर, दिवा चालू असताना, बाहेरच्या खोलीत बसून पाज. मग तोंड पूस, दात पूस आणि त्याला आत नेऊन थोपटून झोपव. पहिल्या दोन-तीन रात्री रडेल. रडू दे, पण कडेवर. एकट्याला नको.

ते जमलं की रात्रीच्या तीनपैकी एक वेळ. तो सर्वांत कमी पितो ती आधी. तुझ्या पत्रावरून मला अडीचची वाटते. दहा मिनिटं पीत असेल तर आज आठ, परवा सहा, मग चार, असं करत शून्यावर आण. वाटीत दोन घोट पाणी उशाशी ठेव. एक वेळ पूर्ण सुटली की चार-पाच दिवस थांबून पुढची पायरी, त्याहून घाई नको. चौदा महिन्यांच्या मुलाला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून दिवसा सांगून ठेव : रात्री दुदू झोपतं, सूर्य आला की उठतं. आमच्या शेजारची एक नात खिडकीशी जाऊन ‘सूर्या ये’ म्हणायची. सगळं मिळून दीड-दोन महिने लागतील. मधे त्याला ताप आला, जुलाब झाले, दाढा आल्या, तर आहे तिथेच थांब. वाटलं तर दोन पायऱ्या मागेही ये. माझी आजी म्हणायची, वैशाखात पोराचं दूध तोडू नये. तेव्हा मला ती अंधश्रद्धा वाटायची. पुढे उन्हाळ्यातल्या जुलाबांनी सुकलेली मुलं वॉर्डात पाहिली आणि आजीचं म्हणणं कळलं.

संध्याकाळी दारातलं ओढणी ओढणं तेवढं काही दिवस राहू दे. नऊ तासांनी भेटता तुम्ही. ते शेवटी सुटेल, किंवा दोन वर्षांपर्यंत राहील, तुझी मर्जी. सुट्टीच्या दिवशी मात्र नेहमीच्या पाजायच्या जागी बसू नकोस. त्यानं मागितलं तर नाही म्हणायचं नाही, पण आपणहून पुढे करायचं नाही, एवढं पाळलंस तरी एकदोन वेळा आपोआप गळतील.

छाती दाटली तर हातानं थोडं काढ, बरं वाटेपुरतंच. पूर्ण रिकामं केलंस तर शरीराला वाटतं अजून मागणी आहे. थंड पाण्याची घडी ठेव. कोबीचं गार पान ठेवलं तरी आराम पडतो, आणि दक्षिणेकडे दूध आटवायला मोगऱ्याची फुलं बांधतात. घट्ट मात्र काहीही बांधायचं नाही, माझी चीर आठव. लाल गाठ, ताप, थंडी यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध बंद करायच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नकोस, त्या सगळ्यांना चालत नाहीत आणि हळूहळू सोडवलं तर लागतही नाहीत.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दूध आटताना शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि काही जणींना विनाकारण रडू येतं, उदास वाटतं. सुटले एकदाची असं म्हणता म्हणता डोळे भरतात. आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. नाही ओसरलं तर दाखव.

नंतर बाटली आणू नकोस. वर्षावरच्या मुलाला डब्यातल्या पावडरीचीही गरज नसते. गाई-म्हशीचं दूध पेल्यातून, दिवसाला दोन कप पुरे. लिटरभर दूध पाजून अभिमानानं सांगणारी घरं असतात, त्यांच्या मुलांचं हिमोग्लोबिन बघा एकदा.

माझ्या धाकट्याचं मी असंच सोडवलं, तो सव्वादोन वर्षांचा होता. थोरलीला शेवटचं कधी पाजलं ते मला तारखेनिशी आठवतं. धाकट्याचं आठवतच नाही.

प्रश्न : बाळ सहा महिने दहा दिवसांचं आहे आणि मला एक तारखेपासून ठाण्याहून अंधेरीला कामावर जायचंय. आमच्या ऑफिसात साठ-सत्तर माणसं आहेत. सगळे म्हणतात, आधीच अंगावरचं तोडून बाटलीची सवय लाव, नाहीतर बाळाचे हाल होतील.

उत्तर : हाल बाटलीनं होतील. कामावर जाणं हे तोडायचं कारण नाहीच. सकाळी निघण्याआधी, आल्यावर आणि रात्री पाज. दुपारी बाळ पेज, मऊ भात, कुस्करलेलं फळ खाईल आणि तू काढून ठेवलेलं दूध पिईल. हातानं काढायला शीक, पंपाशिवायही छान येतं. स्वच्छ स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, पण आपल्या उकाड्यात मी तेवढाही भरवसा ठेवत नाही. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस. गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्यात भांडं ठेवायचं. वाटी-चमच्यानं पाजा, किंवा आजीला विचार घरात बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची वाटी, आहे का. माळ्यावर सापडेल. उकळून घेतलं की झालं.

कायद्याचंही ऐकून ठेव. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यानं मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायला सुट्टी दिली होती, जेवणाच्या सुट्टीशिवाय. २०१७च्या दुरुस्तीनं सव्वीस आठवड्यांची रजा आली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय, दिवसातून चारदा तिथे जायची मुभा. नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तिनं हे सगळं कायम ठेवलंय. तुमच्याकडे साठ-सत्तर आहेत. साहेबांना लेखी विचार.

बसस्थानकांवर हल्ली हिरकणी कक्ष असतात. कोजागरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेली ती गवळण. नाव चांगलं दिलंय. एका गावी मी असा कक्ष उघडायला सांगितला तर किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हटलं, हिरकणीला दरवाजे बंदच मिळायचे असं दिसतंय.

प्रश्न : नऊ महिन्यांची मुलगी तीन दिवसांपासून अंगावर घ्यायलाच तयार नाही, पाठ ताणून रडते. आपणहून सोडलं समजावं का?

उत्तर : नाही, रुसली आहे. एवढ्या लहान वयात, एका दिवसात कुणी आपणहून सोडत नाही. नाक चोंदलंय का, कान दुखतोय का, हिरड्या सुजल्यात का ते बघ. दात लागल्यावर तू जोरात ओरडलीस का, नवा साबण किंवा अत्तर लावलंस का, तेही आठव. अर्धवट झोपेत असताना, अंधारात, उघड्या अंगाशी घेऊन दे. तोवर दूध काढून वाटीनं पाज म्हणजे साकळणार नाही. चार-आठ दिवसांत बहुतेक परत येतात. लघवी कमी होत असेल किंवा ताप असेल तर मात्र थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : सतरा महिन्यांचा मुलगा अंगावर पितोय आणि मला तिसरा महिना लागलाय. जाऊबाई म्हणतात, गरोदर बाईचं दूध मुलाला बाधतं.

उत्तर : बाधत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध आपसूक कमी होतं, चव बदलते, आणि पुष्कळ मुलं तेव्हा स्वतःच कंटाळून सोडतात. आधी कधी दिवस भरण्याआधी कळा आल्या असतील, आत्ता रक्तस्राव होत असेल किंवा जुळी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नकोस. बाकी तुला पाजताना मळमळतंय का, दुखतंय का, यावर ठरव. बंद करायचंच असेल तर बाळंतपणाच्या दोन-तीन महिने आधी कर. धाकटं आलं आणि त्याच दिवशी आपलं दूध गेलं, असा हिशेब थोरल्याला मांडता येऊ नये.

प्रश्न : माझी पत्नी आमच्या दीड वर्षाच्या मुलीचं रात्रीचं दूध बंद करतेय. पण मी घेतलं की मुलगी जास्तच रडते, मग पत्नीला उठावं लागतं. मी यात पडूच नये का? (एक बाबा, पिंपरी)

उत्तर : पडा हो, तुमच्यावाचून होणार नाही. या सदराला पुरुषाचं पत्र वर्षातून एखादंच येतं, म्हणून तुम्हाला आधीच शाबासकी. ती जास्त रडते कारण रात्री अडीच वाजता तुम्ही तिला नवीन आहात. दिवसा तुमच्याकडे येते ना, मग आठवड्यात सरावेल. तुमच्या अंगाला दुधाचा वास येत नाही, म्हणूनच तुम्ही या कामाला योग्य.

पत्नीला दुसऱ्या खोलीत झोपू द्या आणि मुलीला घेऊन दर पाच मिनिटांनी त्या दाराशी ‘अगं, ही बघ ना’ करत जाऊ नका. मुलीला ते लगेच कळतं. पाण्याची वाटी, खांदा, आणि काहीतरी एकसुरी. आमचे हे शाळेत शिकवायचे. धाकट्याला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत पाढे म्हणायचे, बे एके बेपासून. पहिल्या रात्री तिसापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या रात्री एकवीस. आठवड्यानं पोरगं पंधराच्या पाढ्याला मान टाकायला लागलं. आज तो चाळिशीला आलाय आणि सतराचा पाढा त्याला अजून येत नाही. ह्यांचं म्हणणं, तिथवर तो कधी जागाच राहिला नाही.